प्रणाली एक झाली, पण विभाग? डेव्हनपोर्टचा १९९८चा लेख कसा वाचावा

ईआरपीवर संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्याच काही दिवसांत एक लेख तुमच्या हातात पडेल. थॉमस डेव्हनपोर्ट यांचा ‘पुटिंग द एंटरप्राइझ इनटू द एंटरप्राइझ सिस्टिम’, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू, जुलै-ऑगस्ट १९९८. विक्री, गोदाम, उत्पादन, हिशेब या प्रत्येक विभागाची वेगळी संगणक-प्रणाली काढून सगळ्या कंपनीसाठी एकच आणली की काय होतं, हा त्याचा विषय. लेख आटोपशीर, भाषा सोपी, उदाहरणं लक्षात राहणारी. म्हणूनच तो जरा जपून वाचायला हवा.

आधी त्याची बलस्थानं बघू. एल्फ ॲटोकेम या रसायन कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या शाखेचं उदाहरण घ्या. तिथे एक ऑर्डर मार्गी लागायला चार दिवस लागायचे. तेवढ्यात ती सात वेळा एका विभागाकडून दुसऱ्याकडे जायची. प्रत्यक्ष काम मात्र चार तासांचं! बाकीचा वेळ विभागांच्या सीमेवर वाट बघण्यात जात होता. एकत्रीकरणाने नेमकं काय वाचतं, हे या एका उदाहरणातून जितकं कळतं तितकं पानभर व्याख्या वाचूनही कळत नाही.

लेखाचा मुख्य मुद्दाही भक्कम आहे. अशी प्रणाली कोरी पाटी नसते. काम कसं चालावं याबद्दलच्या स्वतःच्या कल्पना ती सोबत आणते आणि कंपनीच्या धोरणावर, रचनेवर, संस्कृतीवर लादते. त्यामुळे हा निर्णय फक्त संगणक विभागावर सोपवून चालत नाही.

आता अडचण. फॉक्समेयर ड्रग, मोबिल युरोप, डेल, अप्लाइड मटेरियल्स ही फसलेल्या किंवा सोडून दिलेल्या प्रकल्पांची उदाहरणं. एल्फ ॲटोकेम, मोन्सँटो ही जमलेल्यांची. दोन्हीकडे निकाल आधीच माहीत आहे आणि कारण मागाहून सांगितलं आहे. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे लगेच खटकेल: प्रयोगाचा निकाल बघून नमुने निवडल्यासारखं झालं. प्रणाली कंपनीशी जुळत नव्हती, तरी प्रकल्प यशस्वी झाला, अशा कंपन्या होत्या का? लेखातून कळत नाही. शिवाय ‘जुळणं’ आधी मोजायचं कसं? यश मिळालं म्हणजे जुळलं, फसलं म्हणजे जुळलं नाही, असं म्हणत गेलो तर हे विधान चूक ठरायला जागाच उरत नाही.

याचा दोष डेव्हनपोर्ट यांना देणं बरोबर नाही. त्यांनी व्यवस्थापकांसाठी लिहिलं आणि उत्तम लिहिलं. चूक आपली होते. साहित्य-आढाव्यात आपण ‘संस्कृतीशी न जुळल्यामुळे ईआरपी अपयशी ठरतात’ असं वाक्य ठोकून देतो आणि पुढे कंसात डेव्हनपोर्ट, १९९८ टाकतो. तो लेख हा पुरावा नाही, ती एक चांगली शंका आहे.

मग पुरावा कुठे शोधायचा? आधी सहा वर्षं मागे जा. गुडह्यू, वायबो आणि किर्श यांचा १९९२चा निबंध एमआयएस क्वार्टर्लीमध्ये आहे. त्यांचं म्हणणं असं, की डेटाचं एकत्रीकरण नेहमीच फायद्याचं नसतं. विभाग एकमेकांवर जितके अवलंबून, तितका फायदा जास्त. विभागांच्या गरजा जितक्या वेगळ्या, तितकी तडजोड जास्त आणि किंमतही जास्त. इथे दोन चलं मिळाली, आणि त्यांच्यावरून आधीच भाकीत करता येतं.

पुढे २००५ साली गॅटिकर आणि गुडह्यू यांनी १११ कारखान्यांकडून प्रश्नावली भरून घेऊन ही कल्पना ईआरपीच्या बाबतीत तपासली. परस्परावलंबन जास्त तिथे लाभ जास्त दिसला आणि भिन्नता जास्त तिथे कमी. निकाल उलटा आला असता तर सिद्धान्त अडचणीत आला असता. डेव्हनपोर्टच्या लेखात नाही ते हेच.

पण इथेही थांबू नका. प्रश्नावलीत सापडतं ते उत्तर देणाऱ्याला जे वाटतं ते. एक साधा प्रश्न बघा: ‘ऑर्डर पूर्ण झाली’ म्हणजे काय? विक्रीसाठी ग्राहकाने होकार दिला की पूर्ण. गोदामासाठी ट्रक फाटकाबाहेर गेला की पूर्ण. हिशेब विभागासाठी पैसे जमा झाले की पूर्ण. तीन वेगळ्या प्रणाली असतात तोवर तिघंही आपापल्या जागी बरोबर. एक प्रणाली आली की त्या रकान्याचा एकच अर्थ ठरतो, आणि निदान दोन विभागांना आपला अर्थ सोडावा लागतो. कोणाला, कोणाच्या सांगण्यावरून, आणि नंतर ते गुपचूप स्वतःची वेगळी एक्सेल शीट ठेवतात का? ही ओढाताण डेव्हनपोर्टना जाणवली होती, पण मोजता येईल अशा रूपात त्यांनी ती मांडली नाही. गॅटिकर-गुडह्यू मोजतात, पण प्रश्नावलीत ती बैठक दिसत नाही.

मला वाटतं, तुमच्या कामाला जागा आहे ती इथेच. ‘ईआरपीचे यश-अपयश’ असा गावभर पसरलेला विषय घेऊ नका. एक कारखाना, एक रकाना, तीन विभाग घ्या. एकत्रीकरणाआधीचा आणि नंतरचा अर्थ नोंदवा. पण त्याच्याही आधी एक काम करा. तुमचा दावा एका वाक्यात लिहा आणि खाली लिहा: काय दिसलं तर मी हा दावा मागे घेईन? ही दुसरी ओळ लिहिता येत नसेल, तर मार्गदर्शकांकडे जायची घाई करू नका. विषय अजून तयार झालेला नाही.