‘रिअल’ म्हणजे काय नसलेलं?

आता ‘रिअल’ हा शब्द घ्या. तो आला लॅटिन ‘रेस’वरून, म्हणजे ‘वस्तू’वरून. इंग्रजी कायद्यात जमीनजुमला ‘रिअल’ ठरला तो खोट्याच्या विरुद्ध म्हणून नव्हे. त्याच्यासमोर ‘पर्सनल’ मालमत्ता उभी होती. ‘रिअल इस्टेट’चं भाषांतर ‘खरी मालमत्ता’ करून बघा, हसू येईल. गणितात 1637 साली देकार्तनं समीकरणाच्या मुळांचे रिअल आणि काल्पनिक असे भाग पाडले. तिथला ‘रिअल’ पुन्हा वेगळा.

जे. एल. ऑस्टिन नेमकं इथंच बोट ठेवतात. त्यांच्या निधनानंतर 1962मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिया’ ही व्याख्यानं छापली गेली. (शीर्षकात जेन ऑस्टिनबाईंची गंमत आहेच.) ‘खरं बदक’ म्हणताना नाकारायचं काय आहे? खेळण्यातलं बदक, की शिकाऱ्यानं आमिष म्हणून पाण्यात सोडलेलं? ते ठरल्याशिवाय ‘रिअल’चा अर्थ लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटतं, पण अर्धंच. एकतर आपण ‘रिअल’साठी बेधडक ‘सत्’ लिहितो आणि बिचाऱ्या बदकावर अख्खा वेदान्त लादतो. पण ऑस्टिनच्या कसोटीनं ‘जग सत् आहे का?’ हा प्रश्न निकालात निघतो, असं कोणी म्हणालं तर मी थांबवेन. शंकराचार्यांकडे तुलना आहे की! दोरी दिसली की साप बाधित होतो. तसं ब्रह्मज्ञानानं जग बाधित होतं. अडचण दुसरीच आहे. दोरी मी तुम्हाला दिवा लावून दाखवू शकतो, ब्रह्म तसं दाखवता येत नाही. ऑस्टिननं वाद घालायला हवा होता तो इथं.