कमल बस्तीचा ऊन-काळोख आणि एचडीआर प्रतिमांची साठवण

तळपते ऊन आणि गाभाऱ्यातला काळोख, दोन्हींचा तपशील एकाच चित्रात टिकवणे हे एचडीआर प्रतिमेचे काम. बेळगावच्या किल्ल्यातली, रट्टांच्या राजवटीत १२०४ साली उभी राहिलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तिची पुरती कसोटी पाहते. बाहेर भर दुपार, मंडपाच्या छतातून उमललेले दगडी कमळ, आत मंद उजेडात नेमिनाथांची मूर्ती. दोन टोकांच्या उजेडात हजारो पटींचे अंतर पडते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत झरोक्यातून ऊन उतरते, तेव्हाही हीच अडचण येते.

साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. त्यात दार पांढरेफटक होते, नाहीतर मूर्ती काळोखात बुडते. म्हणून कमी-अधिक एक्स्पोजरचे फोटो घेऊन ते जोडतात. त्याची गणिती रीत डेबेवेक आणि मलिक यांनी १९९७ साली मांडली. खरा पेच त्यापुढे आहे: एवढे आकडे ठेवायचे कसे?

ग्रेग वॉर्ड यांनी रेडियन्स या प्रकाश-चित्रणाच्या संगणक प्रणालीसाठी काढलेली तोड आजही सुंदर वाटते. लाल, हिरवा, निळा यांना एकेक बाइट आणि तिघांत मिळून एक घातांक, म्हणजे पिक्सेलला ३२ बिट. मात्र एक रंग फार प्रखर असला की सामाईक घातांक त्याच्याकडे झुकतो आणि बाकीच्या दोघांची बारकाई जाते. चित्रपटांचे दृश्यपरिणाम करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ साली खुल्या केलेल्या ओपनईएक्सआरने प्रत्येक रंगाला स्वतंत्र १६ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट संख्या दिली. उजेडाच्या प्रत्येक दुपटीत १०२४ पायऱ्या मिळाल्या. किंमत जागेची: २४ मेगापिक्सेलचे चित्र रेडियन्सच्या पद्धतीने ९६ मेगाबाइट, तर ईएक्सआरमध्ये १४४ मेगाबाइट, अर्थात दाबण्यापूर्वी. त्यातले पिझ आणि झिप हे दाब एकही आकडा गमावत नाहीत. डीडब्ल्यूए फाइल पुष्कळ लहान करतो, पण थोडा तपशील सोडतो.

मोबाइलने वेगळी वाट धरली. साधे जेपेग आणि सोबत कुठे किती उजळवायचे ते सांगणारा गेन मॅप. अँड्रॉइड १४ सोबत २०२३ साली याच पद्धतीचे अल्ट्रा एचडीआर आले. कल्पना नवी नाही. वॉर्ड आणि सिमन्स यांनी २००४ च्या सुमारास जेपेग-एचडीआरमध्ये हीच मांडली होती. जुन्या पडद्यावरही चित्र उघडते, हा तिचा मोठा गुण. पण गेन मॅप बहुधा मूळ चित्राहून लहान आणि ८ बिटांचा असतो. ऊन आणि काळा खांब जिथे भिडतात, नेमक्या त्या कडेवर तो भोंगळ पडू शकतो. वास्तूची नोंद ठेवणाऱ्याला त्या कडेचीच गरज असते.

२०२२ साली प्रमाणित झालेले जेपेग एक्सएल फ्लोटिंग-पॉइंट आकडेही हानीविना दाबू शकते. मात्र क्रोमने त्याचा प्रायोगिक आधार पुढच्याच वर्षी काढून घेतला, तर सफारीने त्याच २०२३ साली आधार दिला. अशा ओढाताणीत बस्तीसारख्या वास्तूसाठी कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइल आणि हानीविना दाबलेले ईएक्सआर, असा दुहेरी साठाच आज विश्वासाचा आहे. पाठवायला गेन मॅपची प्रत पुरते, आणि ती या साठ्यातून केव्हाही पुन्हा काढता येते; तिच्यातून मूळ उजेड मात्र परत मिळत नाही.