उरलेली एक बाजू

लंडनला जाऊन आलेला माणूस राजवाड्याच्या नाहीतर संग्रहालयाच्या गोष्टी सांगतो. मी भाच्याकडे गेलो आणि चार बोळ पाहून परत आलो. ‘‘मामा, एवढा समुद्र ओलांडून तुम्ही बोळच बघणार का?’’ असे त्याने विचारलेसुद्धा; पण बिचारा बरोबर हिंडला. त्या बोळांनी मला एक आवडती कादंबरी पुन्हा वाचायला लावली, आणि घरी आल्यावर स्वतःचाच एक जुना लेखही. त्या दुहेरी वाचनाची ही हकीगत.

थेम्स नदीवरचा लंडन ब्रिज दक्षिणेला उतरला की सदर्क नावाचा भाग लागतो. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल होईपर्यंत दक्षिणेकडून लंडन शहरात शिरायला हा एकच पूल होता, आणि रात्री त्याचे दरवाजे बंद होत. केंट, सरे, ससेक्स या प्रांतांतून येणारा वाटसरू मग अलीकडेच मुक्काम करी. म्हणून बरो हाय स्ट्रीट या रस्त्याला ओळीने सराया उभ्या राहिल्या. रस्त्यावर अरुंद प्रवेश, आत लांबट चौक, चौकाभोवती दोनतीन मजले, आणि प्रत्येक मजल्याला चौकाकडे तोंड करून लाकडी सज्जा. खाली घोडे आणि गाड्या, वर प्रवासी. पुण्याच्या पेठेत, वाड्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे चित्र कोणी समजावून द्यावे लागले नाही.

आज त्या रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागले की डाव्या हाताला पाट्या दिसतात: किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅल्बट यार्ड. नावे बोळांपाशी उरली आहेत, सराया गेल्या. अपवाद एका ‘जॉर्ज’चा. १६७६ च्या मोठ्या आगीनंतर, १६७७ मध्ये ही सराई पुन्हा बांधली गेली. तिच्या चौकाला तीन बाजू होत्या. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने त्यांतल्या दोन पाडल्या. उरलेली एक बाजू १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाली. लंडनमधली सज्ज्यांची जुनी सराई म्हणून आता एवढीच शिल्लक आहे.

अशा ठिकाणी गेले की रसिकाच्या मनात लगेच वाङ्मय जागे होते. ‘‘याच सज्ज्यांतून लोकांनी शेक्सपिअरची नाटके पाहिली असतील, नाही?’’ असे शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी मला मोठ्या भाविकतेने विचारले. मी मान हलवली, आणि मग हिशेब केला. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. हे सज्जे त्याच्यानंतर साठ वर्षांनी बांधले गेले. सरायांच्या चौकातूनच इंग्रजी नाट्यगृह जन्मले, ही समजूतही अशीच घाईची. लंडनच्या काही सरायांत नाटके होत, हे खरे. पण जेम्स बर्बेजने १५७६ मध्ये शोरडिच भागात ‘थिएटर’ उभारले, तेव्हा त्याच्यासमोर अस्वलांच्या झुंजीची वर्तुळाकार आवारेही होती. एकाच चौकाला सगळे पितृत्व बहाल करण्याचे कारण नाही.

गंमत अशी की, ज्या सरायांना साहित्याने नाव दिले त्यांतली एकही उभी नाही. जी उभी आहे तिच्या वाट्याला डिकन्सच्या ‘लिटल डॉरिट’मधला एक ओझरता उल्लेख आला. चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला निघाले ते ‘टॅबर्ड’मधून. ती सराई आगीनंतर ‘टॅल्बट’ नावाने पुन्हा उभी राहिली आणि एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. तिच्या जागी २००३ मध्ये लावलेला एक फलक आहे. मी फलक वाचला. मन हलले नाही. त्याचा दोष फलकाकडे नाही. चॉसरने स्वतःच टॅबर्डच्या इमारतीवर फारसे शब्द खर्चिले नाहीत. खोल्या आणि तबेले ऐसपैस होते, एवढे सांगून तो माणसांकडे वळतो. सरदार, जोगीण, गिरणीवाला, स्वयंपाकी यांना एका पंगतीला बसवणारा सराईचा मालक त्याला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मंडळी सराई सोडून निघतात आणि काव्यही त्यांच्यामागून निघते.

डिकन्सचे तसे नाही. ‘पिकविक पेपर्स’ १८३६–३७ मध्ये महिन्यामहिन्याने निघत होते. आरंभीच्या भागांचा खप चारपाचशेच्या घरात होता, शेवटी तो चाळीस हजारांवर गेला असे सांगतात. तो वाढला सॅम वेलर आल्यावर. आणि सॅम प्रथम दिसतो तो ‘व्हाइट हार्ट’च्या चौकात, प्रवाशांचे बूट पुसताना. कॉलेजात असताना मी हा प्रसंग वाचला आणि हसलो. जॉर्जच्या चौकात उभा राहून वर पाहिले तेव्हा तो मला समजला. वरच्या सज्ज्यातून मोलकरीण ओरडते, अमक्या खोलीला बूट हवेत. खाली सॅम म्हणतो, पाळी आल्यावर मिळतील. पुढे पिकविक आणि त्याची मंडळी पळून गेलेल्या जोडप्याच्या शोधात येतात आणि विचारतात, सराईत कोण कोण उतरले आहे? सॅमला एकाही प्रवाशाचे नाव ठाऊक नसते. तो खोल्यांचे नंबर सांगतो आणि जोडे सांगतो. एका खोलीत लाकडी पाय आहे, दुसरीत उंच बूट आहेत. आणि पाच नंबरात पुरुषाच्या बुटांशेजारी बाईचे जोडे आहेत. पळालेले जोडपे सापडते ते असे.

हा नुसता विनोद नव्हे. चौकाच्या रचनेतच ते ज्ञान आहे. वरच्यांना खालचा माणूस हाकेपुरता माहीत असतो. खालच्याला वरचे सगळे माहीत असतात, कारण त्यांचा चिखल त्याच्या हाताखालून जातो. डिकन्सने सराईचे वर्णन केले असे आपण म्हणतो. त्याने सराई वापरली, आणि ती तळापासून वापरली. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्जापायी जवळच्याच मार्शलसी तुरुंगात होते, तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगा याच भागात एकटा राहत असे. खालून वर पाहणे त्याला शिकावे लागले नाही. पिकविकचे भाग निघत असतानाच, १८३६ च्या डिसेंबरात, पुलाजवळ रेल्वेचे स्टेशन उघडले. घोड्यांच्या गाड्यांचे दिवस भरले. व्हाइट हार्ट १८८९ मध्ये पडली. तिची उंची-रुंदी कादंबरीत सापडणार नाही, पण तिच्यात कोण कुठे उभे असे ते सापडते.

घरी आल्यावर मी माझा जुना लेख काढला. आमचा वाडा पाडून तिथे इमारत झाली, त्या वर्षी तो लिहिला होता. लोकांना आवडला होता. त्यात पारिजातक होता, विहिरीचा रहाट होता, दिवाळीच्या पहाटे चौकाभोवती लागलेल्या पणत्या होत्या. तो वाचून आत्या रडली होती. आता वाचताना मला त्यात टॅल्बट यार्डचा फलक दिसला: इथे अमुक होते.

आमच्या चौकात नळाशी एक बाई नऊ बिऱ्हाडांची भांडी घासत. कोणाकडे पाहुणे आहेत, कोणाचे दूध बंद झाले, कोणत्या पातेल्यात दोन दिवस नुसती पेज शिजली, कोणा सुनेचे ताट न उष्टावताच परत आले, हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे. त्या कधी बोलल्या नाहीत. आम्ही माडीवरून हाक मारत असू. त्यांना ओसरीच्या आत येण्याची मुभा नव्हती, आणि त्यांचा चहाचा कप वेगळा, कोनाड्यात ठेवलेला असे. तो कोनाडा मला लख्ख आठवतो. लेखात तो नाही. त्या बाईही नाहीत.

वाडे गेले म्हणून आपण हळहळतो, आणि दर दिवाळीला त्यांच्यावर सुरेख लिहिले जाते. मीही लिहिले. पण आपल्या या लेखनाला बहुधा एकच बाजू उरलेली असते, माडीवरची. जॉर्जच्या दोन बाजू रेल्वेने पाडल्या; माझ्या वाड्याच्या मी पाडल्या.

तो लेख पुन्हा लिहायला घेतला आहे. आरंभ पारिजातकापासून नाही, नळाखालच्या भांड्यांपासून केला आहे. आत्याला वाचून दाखवला. ती या वेळी रडली नाही. जरा वेळाने म्हणाली, ‘‘त्या कपाचा कान तुटलेला होता, तेही लिही.’’