गोंडा : वस्त्रातील आणि हातातील

गोंडा हा वस्त्राचा निव्वळ शोभेचा, म्हणून गौण अलंकार होय, अशी समजूत रूढ आहे. ती तपासून पाहणे अवश्य आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतील गुलमंडीच्या बाजारात आज चोळीच्या पाठीवरील नाड्यांना लावावयाची लटकने तयार मिळतात. नाडीची गाठ झाकणे, तिचे टोक उसवू न देणे आणि आपल्या भाराने ती सरळ लोंबती ठेवणे, ही तीन कामे असा लहानसा गोंडा करतो. सुट्या धाग्यांना लावलेली शिस्त हे त्याचे मूळ रूप. शोभा त्यामागून येते.

मराठवाड्यातील बंजारा स्त्रियांच्या वेषात कवड्या व आरसे यांच्या जोडीला लोकरीचे गोंडे असतात. पोळ्याला बैलांना गोंडे बांधतात. हे शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या काळच्या रुमी टोपीलाही गोंडा असे. या सर्व ठिकाणी गोंडा हलतो तो धारण करणाऱ्याच्या स्वतःच्या चालीने.

चीअरलीडरच्या हातातील गोंडा येथे वेगळा पडतो. तो कोणत्याही वस्त्राचे टोक नाही. लॉरेन्स हर्किमर यांना १९७१ साली अमेरिकेत ज्या गोंड्याचे पेटंट मिळाले, त्याची मूठ झिरमिळ्यांत लपलेली होती. वस्त्रातील गोंडा गाठ झाकतो. हा गोंडा हात झाकतो.

२००८ साली इंडियन प्रीमियर लीगबरोबर हे दृश्य भारतीय मैदानांवर आले, तेव्हा महाराष्ट्रात झालेल्या टीकेचा रोख मुख्यतः कपड्यांच्या तोकडेपणावर होता. ही टीका अपुरी होती. ‘गोंडा घोळणे’ हा मराठी वाक्प्रचार लाचार आर्जवासाठी योजला जातो. परंतु त्याच्या आधारे नर्तकीला दोष देणेही अन्यायाचे ठरेल. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने जयघोषाचे नेतृत्व केले, ते आपल्याच संघासाठी. मिरवणुकीत लेझीम खेळणाराही त्या उत्सवाचा वाटेकरी असतो. व्यावसायिक सामन्यात मात्र उत्साह हेच मोलाचे काम होते, आणि गोंड्याचा झगमगाट ते काम करणारा हात दृष्टीआड करतो.

म्हणून गोंडा शोभतो की नाही, एवढ्यावर वेषभूषेच्या समीक्षेने थांबू नये. तो कोणाच्या आनंदाने हलतो, हा प्रश्न तिने आधी विचारला पाहिजे.