असीमची जागा

2009 सालच्या नाताळच्या दिवशी असीम चक्रवर्ती गेला आणि ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडपुढे एक चमत्कारिक हिशेब उभा राहिला. गेला होता एक माणूस, पण त्याच्या ठिकाणी घ्यावे लागले दोघे. तबल्यावर तुहिन चक्रवर्ती आला, गायला हिमांशू जोशी. दोघंही तयारीचे, दोघंही टिकले. तरी बँडचे जुने चाहते तेव्हापासून जो वाद घालत आले आहेत, त्याचं मूळ मला या बेरजेतच दिसतं.

ज्यांनी असीमला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रॉक बँडचा गायक सहसा उभा असतो, मंचाच्या मध्यावर, हातात माइक किंवा गळ्यात गिटार. असीम मांडी घालून बसायचा. पुढ्यात तालवाद्यं, त्यांत निरनिराळ्या सुरांत लावलेल्या तबल्यांचा तरंग, आणि तोंडासमोर माइक. हात चालू असतानाच तो गायचा. आवाज रूढ अर्थाने गोड नव्हता. त्याला माती लागलेली होती, वर चढताना तो जरा खरखरायचा. पण ठेका आणि श्वास एकाच शरीरातून येत असल्यामुळे ओळ लांबवायची की तोडायची हे ठरवायला त्याला कुणाकडे बघावं लागत नसे. गवई आणि तबलजी यांच्यात जी नजरानजर चालते, ती इथे त्याच्या आतच उरकलेली असायची. दोन चांगले कलावंत आणले की ती नजरानजर पुन्हा बाहेर येते. यात कुणाचा दोष नाही. पण ऐकणाऱ्याला फरक जाणवतो, आणि तो कशामुळे हे नेमकं सांगता आलं नाही की तो म्हणतो, ‘आता ती मजा राहिली नाही.’

संगीताबद्दल बोलताना मराठीत ‘जागा’ हा शब्द फार सुंदर वापरला जातो. अमक्याने अंतऱ्यात काय जागा घेतली, असं आपण म्हणतो. कचेरीतली जागा रिकामी होते आणि जाहिरात देऊन भरता येते; गाण्यातली जागा घेणाऱ्याबरोबर निघून जाते, किंवा शिष्याच्या गळ्यात थोडी बदलून उतरते. चाहत्यांच्या भांडणात हे दोन अर्थ सतत एकमेकांत मिसळतात. एक पक्ष म्हणतो, जागा भरली, बँड चालू आहे, गाणी चालू आहेत, तक्रार कसली? दुसरा म्हणतो, त्या जागा आता येत नाहीत. दोघंही खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या वस्तूंबद्दल.

दुसऱ्या पक्षाची पुढची मागणी असते ती नाव बदलण्याची. वाजवा खुशाल, पण ‘इंडियन ओशन’ म्हणू नका. रॉकच्या जगात या मागणीला मोठा इतिहास आहे, आणि त्यातली दोन उदाहरणं नेमकी एकाच वर्षातली आहेत. 1980च्या फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला. जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आणला, वेष्टन काळं, दुखवट्याचं. त्याच सप्टेंबरात लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला, आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी आपण थांबत असल्याचं जाहीर केलं. चाहते आजही ही दोन उदाहरणं एकमेकांच्या अंगावर फेकतात. थांबणाऱ्यांना निष्ठावंत म्हणायचं आणि चालू ठेवणाऱ्यांना धंदेवाईक, असा त्यातला सूर असतो. मला तो पटत नाही. बँड हा चार-पाच जणांचा चरितार्थ असतो, शिवाय ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांपासून सामान वाहणाऱ्यांपर्यंत आणखी कितीतरी जणांचा. घरातला कर्ता गेला म्हणून दुकान बंद करा, असं आपण कुठल्या वाण्याला सांगतो?

आणि मराठी माणसाला तर हे नवं नसावं. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885मध्ये गेले, मंडळी चालू राहिली. भाऊराव कोल्हटकर 1901मध्ये गेले, तरी मंडळी चालू राहिली आणि 1905मध्ये तिथे बालगंधर्व आले. 1913मध्ये बालगंधर्वच बाहेर पडले, तेव्हा त्यांनी नाव मागे ठेवलं आणि गंधर्व नाटक मंडळी उभी केली. भाऊरावांना ऐकलेले रसिक बालगंधर्वांना कसं ऐकत असतील, याचा विचार मी कधीकधी करते. त्यांच्या कानातल्या जागा आपल्यापर्यंत आल्याच नाहीत, म्हणून आपण निर्धास्तपणे बालगंधर्वांना शिखर म्हणतो. ‘इंडियन ओशन’च्या चाहत्याला ही सोय नाही. त्याच्याकडे 2000 सालचा ‘कंदीसा’ आहे, 2003चा ‘झिनी’ आहे, आणि दोन्ही हवं तेव्हा लावता येतात. ध्वनिमुद्रणाने गेलेल्या माणसाला घरातच ठेवलं आहे, त्यामुळे नव्या माणसाला रोज त्याच्यासमोर परीक्षा द्यावी लागते.

मग न्याय कसा करायचा? बँडचं नाव कुणाच्या मालकीचं, यापेक्षा कोणती गाणी माणसं बदलूनही उभी राहिली आणि कोणती बसली, हे ऐकणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. तसं ऐकलं की एक गोष्ट ध्यानात येते. या बँडची सर्वांत लाडकी गाणी मुळात त्यांची नव्हतीच. ‘मा रेवा’ हे नर्मदेकाठचं गाणं. बास वाजवणारा आणि गाणारा राहुल राम 1990च्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता, तिथून ते बँडमध्ये आलं. ती नदी आपल्या नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या कडेनेही वाहते, सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीसारखी गावं गेली, आणि त्या खोऱ्यात अशी गाणी मोर्चात, सत्याग्रहात, रात्रीच्या बैठकीत कुणीही उचलत असे. ‘हिल्ले रे’ गोरख पांडे यांच्या चळवळीच्या गीतावरचं. ‘झिनी’ कबीराचं. आणि ‘कंदीसा’ ही तर केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना, अरामी कुळातल्या भाषेत. दिल्ली, पुणे, बंगळूरच्या कॉलेजांतली पोरं डोळे मिटून जे गात होती, त्यातला एक शब्दही त्यांना कळत नव्हता. मीही त्यांतलीच एक, आणि अर्थ न कळता एखाद्या भाषेवर जीव जडतो म्हणजे काय होतं, हे मला कुठल्याही वर्गाआधी त्या कॅसेटने शिकवलं.

असीम गेल्यानंतर हीच गाणी तगली. कारण उघड आहे. चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या समूहाने गायलेल्या प्रार्थनेला एक गळा बदलला म्हणून धक्का बसत नाही. मोर्चातल्या गाण्याला तर गळे बदलण्याची सवयच असते. हिमांशूचा आवाज असीमच्या आवाजापेक्षा स्वच्छ आहे, तालमीतला आहे. ‘मा रेवा’त तो जोर धरतो तेव्हा काही हरवल्यासारखं वाटत नाही. (‘झिनी’बद्दल मात्र माझं मन द्विधा आहे. पद कबीराचं, म्हणजे सर्वांचं. पण त्या खरखरीत आवाजाने ते इतकं आपलंसं केलं होतं की स्वच्छ आवाजात ते ऐकताना धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्याची आठवण येते.)

खरी पंचाईत झाली ती 2013मध्ये, सुस्मित सेन बाहेर पडला तेव्हा. तो आणि असीम 1980च्या दशकापासून बरोबर वाजवत होते. 1990मध्ये बँड उभा राहिला तो या दोघांच्या जोडीतून. राहुल 1991चा, ड्रमर अमित किलम 1994चा. म्हणजे सुस्मित गेल्यावर मूळ जोडीतला कुणीच उरला नाही. मृत्यूपुढे चाहते निदान गप्प बसतात. जिवंत माणूस निघून जातो तेव्हा कोण बरोबर, कोण चूक याचे खटले सुरू होतात. त्या खटल्यात मला रस नाही. सांगीतिक नुकसान मात्र मोजायला हवं, आणि ते माझ्या मते असीमच्या जाण्याने झालं त्याहून मोठं आहे, जरी हे म्हटल्यावर अनेक जण माझ्यावर रागावतील.

सुस्मितची गिटार रॉकची नव्हती. कॉर्डच्या भिंती उभ्या करण्यापेक्षा एकेका तारेवर स्वरवाक्य फिरवत नेण्याकडे तिचा कल, एखादा सतारिया गत उलगडत जावा तसा. ‘डेझर्ट रेन’ ऐका. 1997मध्ये दिल्लीत सफदर हाश्मीच्या स्मृत्यर्थ ‘सहमत’ने केलेल्या कार्यक्रमातलं ते ध्वनिमुद्रण. त्यात शब्द कमी, बोटं जास्त. अशा रचनांना आधाराला ना प्रार्थना, ना पद, ना घोषणा. एका माणसाच्या उजव्या हाताचा आघात आणि डाव्या हाताची सवय, एवढंच त्यांचं मूळ. त्याच्या पाठोपाठ निखिल राव आला, इलेक्ट्रिक गिटार घेऊन. त्याच्या वाजवण्यात मला कर्नाटक संगीतातली गमकं ऐकू येतात, आणि तो स्वतःच्या जोरावर उत्तम वादक आहे. पण त्याने जुन्या रचना वाजवल्या की त्या दुसऱ्याच होतात. होणारच. जे गाणं आधीच शंभर गळ्यांतून आलं होतं ते एकशेएकाव्यात गेलं. जे एका हातातून निघालं होतं ते त्या हाताबरोबर गेलं.

मी अनुवादाचं काम करते, आणि अनुवादकाला मूळ लेखक हयात नसण्याची सवय असते. किंबहुना काही वेळा ते सोयीचंही पडतं. आम्ही नेहमी म्हणतो की अर्थ पोचतो आणि नाद सांडतो. या बँडच्या बाबतीत निराळंच घडलं. ‘कंदीसा’त अर्थ पोचलाच नव्हता, तरी गाणं पोचलं. ‘डेझर्ट रेन’मध्ये नादाखेरीज काही नव्हतं, आणि तोच पोचवता येईना. म्हणून मला वाटतं की अर्थ आणि नाद ही वाटणीच इथे कामाची नाही. एखादी गोष्ट अनेकांनी वापरून झिजलेली आहे का, हे पाहावं. झिजलेली उंबरे-पायऱ्या कुणाच्याही पावलाला बसतात.

बँडला स्वतःला हे कळलं होतं का? त्यांच्या पुढच्या कामावरून संमिश्र उत्तर मिळतं. 2010मध्ये आलेला ‘16/330 खजूर रोड’ हा निरोप होता. करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं तालीम करत, त्याचा हा पत्ता. असीमचा आवाज असलेली ही गाणी त्यांनी एकेक करून, कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतील अशी, खुली केली. त्याच वर्षी जयदीप वर्मांचा ‘लीव्हिंग होम’ हा माहितीपट चित्रपटगृहांत लागला आणि ज्यांना मैफलीला जाता आलं नव्हतं त्यांनाही असीम मांडी घालून गाताना दिसला. ही दोन्ही कामं शोकाला साजेशी होती.

2014चा ‘तंदानू’ मात्र मला बिचकलेला वाटतो. सुस्मित बाहेर पडल्यानंतर तो प्रसिद्ध झाला. सात गाणी आणि सात पाहुणे: शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट, सेल्वगणेश, कुमरेश, कर्ष काळे, विशाल ददलानी. एकेक नाव वजनदार. पण घरात माणूस कमी झालं की यजमान सारखे पाहुणे बोलावतात, तसं काहीसं ते होतं. प्रत्येक गाण्यात कान पाहुण्याकडे लागतो आणि ‘हे पाच जण एकत्र कसे वाजतात’ या प्रश्नाला बगल मिळते. टीकाकारांनी तेव्हा भागीदारीचं कौतुक केलं. मला त्या वेळी पाच जणांची ओबडधोबड गाणीही चालली असती.

ती वर्षभराने आली, आणि भलत्याच दारातून. नीरज घेवानच्या ‘मसान’चं संगीत ‘इंडियन ओशन’ने केलं, बहुतेक गीतं वरुण ग्रोवरची. त्यातलं ‘मन कस्तुरी रे’ अमित किलम गातो. अमित, म्हणजे ड्रमर. 1994पासून ड्रमच्या मागे बसणारा. हे गाणं असीमसारखं मुळीच नाही. आवाज हलका, थोडा थकलेला, मातीपेक्षा धुराच्या जवळचा. पण ज्याचे हात आयुष्यभर ताल धरत आले त्याचा गळा ओळीला कुठे सोडायचं ते वेगळ्या रीतीने जाणतो, आणि तेवढंच इथे ऐकू येतं. असीमचं काम वाटून घ्यायला नवे दोघे आणले होते. त्याची सर्वांत जवळची खूण सापडली ती जुन्याच माणसात, आणि तीही कुणी शोधत नसताना.

सिनेमाचं गाणं म्हणून चाहत्यांनी हे बँडच्या खात्यात पुरतं धरलंच नाही. मैफलीत ‘कंदीसा’ची फर्माईश सुरूच असते. नव्या गाण्याचं ध्रुवपद संपायच्या आत मागून आरोळी येते, आणि ती देणाऱ्यांत निष्ठावंत असतात तसेच ‘जागा भरली’ म्हणणारेही असतात. 2023मध्ये ‘तू है’ आला. ‘तंदानू’नंतर नऊ वर्षांनी. असीमवर मी आजवर पुष्कळ वाचलं आहे, सुस्मितवरही. ‘तू है’तलं एकेक गाणं धरून केलेलं सविस्तर परीक्षण मराठीत किंवा हिंदीत अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही.