मोजून दिलेली हवा

वेबर कंपनीचा 'स्मोकी माउंटन' हा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायचं यंत्र, १९८१ पासून बाजारात आहे. काळ्या एनॅमलचा उभट पत्रा, घुमटासारखं झाकण, खाली तीन पाय. आकार बंदुकीच्या गोळीचा, म्हणून अमेरिकेत त्याला 'बुलेट'च म्हणतात. त्यात मोटर नाही, आच कमी-जास्त करायची कळ नाही. तरी सकाळी आत ठेवलेला डुकराच्या खांद्याचा तुकडा संध्याकाळी बाहेर काढेपर्यंत आतलं तापमान १०७ ते १२१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावं, तिकडच्या मापात सव्वादोनशे ते अडीचशे फॅरनहाइट, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. आणि ती हा पत्र्याचा डबा पुरी करतो. कशी, ते खालून वर वाचत जावं. आगीची आणि धुराची वाटही तीच आहे.

तळाच्या वाडग्याला तीन झरोके, प्रत्येकावर फिरणारी चकती. चौथा झरोका झाकणावर. आपल्याकडे ज्यांनी शेगडी पेटवली आहे त्यांना कोळसा म्हटलं की हातातला पुठ्ठा आठवतो: वारा घाला, निखारे फुलवा. स्मोकरचं शास्त्र नेमकं उलटं. कोळसा त्याच्यासाठी तळाशी असलेलं कडं भरून घालायचा, मात्र हवा हात राखून द्यायची. आत पाच वेळा पुरेल एवढं जळण असलं तरी झरोक्यातून जेवढा ऑक्सिजन शिरेल तेवढंच ते जळणार. म्हणून खालच्या चकत्या पाव-पाव फिरवत बसायचं आणि वरचा झरोका मात्र सताड उघडा ठेवायचा. वरचा बंद करूनही आच उतरते, पण मग धूर आत कोंडतो आणि मांसाला काजळीची कडवट चव येते. खालून काटकसर, वरून मोकळीक: या यंत्रातली मला सगळ्यात आवडलेली जागा हीच.

या रचनेचं उत्तम वाचन केलं ते जिम मिनियन या स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या पिटमास्टरने, म्हणजे धुरावर मांस शिजवणाऱ्या उस्तादाने. सगळा कोळसा आधी लाल करून घ्यायचा आणि मग त्याला आवरत बसायचं, ही नेहमीची रीत. मिनियनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कडं न पेटलेल्या कोळशाने भरतात, मधे हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे दोन-चार ठोकळे पेरतात आणि वर थोडेसेच फुललेले निखारे टाकतात. आग शेजारच्या कोळशाला धरत धरत, सावकाश पसरते. मोठी आग विझत आणण्यापेक्षा लहान आग वाढू देणं सोपं, एवढीच त्यामागची अक्कल आहे. पण ती सुचावी लागते.

कोळशाच्या वर, मांसाच्या खाली पाण्याची परात. ती निखाऱ्यांची थेट धग अडवते, हे उघड आहे. तिचं दुसरं काम जास्त सुंदर आहे. पाणी उकळायला लागलं की शंभर अंशांवर थांबतं; पुढची सगळी उष्णता वाफ होण्यात खर्च होते. आगीने उसळी मारली तरी तिचा बराचसा जोर परात पिऊन टाकते. पाणी आटलं की हा लगाम सुटतो आणि झाकणावरच्या तापमापकाचा काटा भराभर चढतो. काही जण पाण्याऐवजी वाळू भरतात. सोय आहे, भांडं घासायला बरं, पण वाळू नुसती तापते. शंभरावर थांबायचं तिला ठाऊक नाही.

खरी परीक्षा संयमाची. चकती फिरवल्याचा परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. घाई करणारा तेवढ्यात आणखी फिरवतो, मग काटा पलीकडे जातो, मग उलट फिरवतो, आणि दिवसभर तापमान झोके घेत राहतं. जाणता माणूस काटा हव्या त्या आकड्याच्या दहा-पंधरा अंश अलीकडे असतानाच झरोके आवळायला लागतो. झाकण उघडून डोकावण्याची खोड आणखी वाईट. उघडताच काटा पडतो, म्हणून आग मंदावली असं वाटतं. प्रत्यक्षात निखाऱ्यांना फुकटची हवा मिळालेली असते आणि झाकण लावल्यावर थोड्या वेळाने ते उसळतात. त्यात झाकणावरचा काटा घुमटातलं तापमान सांगतो, मांस जाळीवर असतं. दोन्हींत चांगला फरक पडू शकतो.

मग येतो तो टप्पा, ज्याला पिटमास्टर 'स्टॉल' म्हणतात. मांसाच्या आतलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत नीट चढतं आणि अडून बसतं, कधी कधी कित्येक तास. बाहेर स्मोकर एकशे दहावर स्थिर आहे, आत काटा हलत नाही. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लॉन्डर यांनी चरबीचा गोळा आणि पाण्यात भिजवलेला स्पंज तापवून पाहिले. चरबी न थांबता तापत गेली, स्पंज अडला. म्हणजे मांसाला घाम येत असतो आणि सुकणारा घाम त्याला गार ठेवत असतो. परातीत जे चाललं आहे तेच वर जाळीवर. हे ठाऊक नसलेला माणूस इथे झरोके उघडून मोकळा होतो. ठाऊक असलेला एक तर फॉइलमध्ये मांस गुंडाळतो, म्हणजे बाष्पीभवन थांबतं, किंवा खुर्ची ओढून बसतो. कोलॅजन विरघळून मांस सुटं व्हायला आतलं तापमान पंचाण्णवच्या आसपास जावं लागतं, आणि तिथे पोचायला वेळ लागणारच.

हल्ली तळाच्या झरोक्याला बसवायचा छोटा पंखा मिळतो. तापमान मोजून तो आपणच हवा फुंकतो. रात्रभर शिजवायचं असेल तर जरूर लावावा, झोप महत्त्वाची. दिवसा मात्र मी लावणार नाही. ज्यासाठी हा स्मोकर घ्यायचा तेच पंख्याच्या हाती देऊन आपण उरतो कशाला?

काम संपलं की चारही झरोके बंद करतात. हवा तुटली की आग विझते आणि बराच कोळसा अर्धा-मुर्धा शिल्लक राहतो. राख झटकून तो पुढच्या खेपेला नव्या कोळशात मिसळायचा. राख मात्र नीट झटकावी, नाहीतर तीच तळाशी साचून झरोके उघडे असूनही हवा अडवते.