संभाव्य मंत्रिमंडळ : एका वाङ्मयप्रकाराची झडती

गेल्या महिन्यात अभ्यासवर्ग सुटल्यावर एक पोरगा मागे थांबला. म्हणाला, 'काका, नवा पंतप्रधान आला की मंत्रिमंडळात आपले किती असणार, हे पेपरवाल्यांना आधीच कसं काय कळतं?' मी म्हटलं, कळत कुठंय? ते लिहितात, आपण वाचतो, आणि वाचता वाचता आपल्यालाही कळल्यासारखं वाटायला लागतं. पोरगा हसला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन ट्रंकेतली मार्च १९७७ ची कात्रणं बाहेर काढली आणि दोन रात्री तेच वाचत बसलो.

आपल्याकडं कथेवर समीक्षा होते, कवितेवर होते, नाटकावर होते. पण 'संभाव्य मंत्रिमंडळ' या लेखनाकडं वाङ्मय म्हणून कुणी पाहिलेलं नाही. वास्तविक आपल्या वस्त्यांत जेवढं हे लेखन वाचलं जातं, तेवढी एकही कादंबरी वाचली जात नाही. त्याची झडती घ्यायलाच पाहिजे.

पहिली गोष्ट भाषेची. या लेखनाला कर्ता नाही. 'समजते', 'कळते', 'बोलले जाते', 'गोटातून सांगण्यात येते'. सांगणारा कोण, त्याचा स्वार्थ काय, त्यानं हे आजच का सांगितलं, याचा पत्ता नाही. गावात पाटलाच्या ओट्यावरून जशी आवई उठायची तशीच ही आवई, फक्त छापलेली. ज्याला एखादं खातं हवं असतं तोच आपलं नाव सोडतो, ज्याला दुसऱ्याला पाडायचं असतं तोही त्याचंच नाव सोडतो. वाचणाऱ्याला वाटतं आपण दिल्लीच्या दारात कान लावून उभे आहोत. अरे, दार बंद आहे, आणि आत काय चाललंय ते ज्यांना ऐकवायचं आहे तेवढंच फटीतून सोडलं जातंय.

दुसरी गोष्ट विशेषणांची, आणि इथं खरी मेख आहे. १९७७ ची माझी कात्रणं घ्या. मोरारजी देसाई म्हणजे 'अनुभवी', 'कणखर', 'तत्त्वनिष्ठ'. अनाविल ब्राह्मण असूनही त्यांच्या नावामागं जात नाही. चरणसिंग जाट, पण ते 'शेतकऱ्यांचे नेते'. आणि जगजीवनराम? 'हरिजन नेते'. आता हिशेब बघा. १९६७ ते ७० अन्न आणि शेती खातं बाबूजींकडं, १९७४ ते ७७ पुन्हा शेती आणि पाटबंधारे. १९७१ चं युद्ध जिंकलं तेव्हा संरक्षणमंत्री तेच. १९४६ च्या हंगामी सरकारापासून केंद्रात मंत्री, मधली थोडी वर्षं सोडली तर सतत. म्हंजे देशाची शेती सांभाळलेला माणूस हरिजनांचा, आणि केंद्रात तोवर एकदाही मंत्री नसलेला माणूस शेतकऱ्यांचा! जाटाची जात शेती होते, बामनाची जात अनुभव होते, आपली जात मात्र जातच राहते. हे विशेषण लावणारा उपसंपादक दुष्ट असेलच असं नाही. त्याच्या हाताला ते वळण लागलेलं असतं, बस.

मी तेव्हा औरंगाबादला नागसेनवनात शिकत होतो. (आता शहराचं नाव बदललं, पण मी त्या वेळचं सांगतोय.) इंदिराबाई पडल्या, २२ मार्चला राजीनामा दिला, आणि होस्टेलात रात्रभर कुणी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात पेपरासाठी रांग. मोरारजी, चरणसिंग की जगजीवनराम? २ फेब्रुवारीला बाबूजी काँग्रेसमधून बाहेर पडले म्हणून तर वारं फिरलं, असं आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. त्यांच्या लोकशाही काँग्रेसचे २८ खासदार आले होते. आमच्यात परभणीकडचा एक दोस्त होता. हा गडी महिनाभरापूर्वी बाबूजींना काँग्रेसचा पाळलेला हरिजन म्हणायचा. बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन घेऊन लढत होते तेव्हा हा माणूस कुणाच्या बाजूला उभा होता, हे आम्हाला तोंडपाठ सांगायचा. आणि आता तोच पैज लावून बसला, बाबूजी झाले तर सगळ्या मजल्याला भजी!

गावाकडून माझ्या बापाचं कार्ड आलं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. आपला माणूस पंतप्रधान होणार म्हणतात, खरं काय ते कळवणे.' आपला माणूस! आमच्या गावात महारवाड्याचं आणि चांभारवाड्याचं पाणी एक नव्हतं. धर्मांतर झालं तरी ती वाट पूर्ण मिटली नव्हती. पण दिल्लीच्या त्या खुर्चीकडं बघताना माझा म्हातारा ते सगळं विसरला. यात मला आजही हसण्यासारखं काही वाटत नाही. तो मोठेपणाच होता. पण त्या मोठेपणाचा फायदा यादी छापणाऱ्यानं घेतला, हेही तितकंच खरं.

२४ मार्चला जयप्रकाश आणि आचार्य कृपलानींनी मोरारजींचं नाव काढलं. चरणसिंगांनी दवाखान्यातून पत्र पाठवून बाबूजींना विरोध केला होता. कारण काय, तर आणीबाणीचा ठराव लोकसभेत त्यांनीच मांडला. खरंच मांडला होता, जुलै १९७५ मध्ये. हा आरोप खोटा नाही आणि तो आपणही झाकायचा नाही. ज्यांनी आणीबाणीत तुरुंग भोगला त्यांना तो सलणारच. पण पत्र लिहिणाऱ्याला स्वतःला काय मिळालं ते बघा : गृहखातं. बाबूजी रुसले, २६ तारखेच्या शपथविधीला गेले नाहीत, मग जयप्रकाशांनी समजूत घातली आणि ते आले. संरक्षण मिळालं. होस्टेलात भजी झाली नाहीत.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. त्या सगळ्या आठवड्यात मी आणि माझ्या दोस्तांनी एकच गोष्ट मोजली : आपला कुठं बसतो. गृहखातं कुणाकडं जातं, त्याचा आपल्या पोरीबाळींशी, आपल्या झोपड्यांशी काय संबंध, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. यादीनं आम्हाला जे मोजायला शिकवलं तेच आम्ही मोजलं.

दोन महिने झाले. २७ मे १९७७. बिहारात बेलछी गावात अकरा माणसं मारून आगीत टाकली, त्यात आठ दलित. बाबूजींचंच राज्य ते. आणि नीट ध्यानात घ्या, ३० एप्रिलला बिहारची विधानसभा बरखास्त झाली होती. तिथं राष्ट्रपती राजवट होती. राज्याचा मुख्यमंत्री नव्हता, कारभार केंद्राच्या हातात. म्हणजे बेलछीचा जाब विचारायचा तर थेट दिल्लीला, आणि दिल्लीत गृहमंत्र्याला. गृहमंत्री चरणसिंगांनी सांगितलं, ही गुन्हेगारांच्या टोळ्यांमधली मारामारी आहे, जातीचा यात संबंध नाही. दलित खासदार तिथं जाऊन आले, त्यांनी उलटं सांगितलं. मग कुठं सरकारची भाषा थोडी बदलली. मढी जळाली ती आपली, आणि ती कोणत्या रकान्यात नोंदवायची हे ठरवणारं टेबल दुसऱ्याचं. गृहखातं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. बिल्डिंग, बंदूक, पोलीस हे तर आहेच, पण त्याच्याही आधी घडलेल्या गोष्टीला नाव देण्याचा अधिकार तिथं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो होतो. बापानं विचारलं, 'बाबूजीला काय मिळालं म्हणालास?' मी म्हटलं, संरक्षण. त्यानं विडी विझवली. म्हणाला, 'कुणाचं?' मी सरहद्द वगैरे सांगत बसलो. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि बैलाला पाणी दाखवायला उठून गेला. बैल मालकाचा होता.

या वाङ्मयप्रकाराची सगळ्यात कडक समीक्षा आपल्या घरातच झालेली आहे, पण आपण ती वाचत नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं तेव्हाचं निवेदन काढा. लोकसभा अजून व्हायची होती. त्या वेळच्या संसदेत ते वाचायला अडथळा आला, म्हणून त्यांनी ते बाहेर वृत्तपत्रांना दिलं. आपण त्यातलं हिंदू कोड बिल तेवढं भाषणात घेतो. पण त्याची सुरुवात बघा. सुरुवात खात्यांपासून आहे. बाबासाहेब स्पष्ट सांगतात की विधी खातं कारभाराच्या दृष्टीनं पोकळ आहे, धोरण ठरवायला त्यात वाव नाही, आणि हे त्यांना घेतानाही माहीत होतं. पुढं नियोजन खातं देऊ असा शब्द नेहरूंनी दिला होता, तो पाळला गेला नाही. खाती एकाकडून काढून दुसऱ्याला दिली जात होती, पण त्यांचा विचार कधी झाला नाही. मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र समितीत ते नाहीत, संरक्षण समितीत नाहीत. जन्मभर अर्थशास्त्र शिकलेला माणूस, आणि आर्थिक समितीतून त्याला वगळलं! मग नेहरू इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळानं घेतलं, नेहरूंनी परत येऊन फेररचनेत पुन्हा काढलं, बाबासाहेबांनी तक्रार केली तेव्हा पुन्हा घेतलं.

हे काय आहे? मंत्रिमंडळाची यादी कशी वाचायची याचा हा पहिला धडा आहे, आणि तो यादीत नाव असलेल्या माणसानं लिहिलेला आहे. १९४७ ची यादी छापली गेली तेव्हा तीत डॉ. आंबेडकर आणि जगजीवनराम अशी दोन नावं होती. 'आपले किती?' या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं : दोन. आणि समितीच्या टेबलाशी? तिथं उत्तर वेगळं होतं.

मजूर खात्याचंच बघा ना. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते तेव्हा त्या खात्यात धरणं होती, वीज होती, खाणी होत्या, सरकारी बांधकाम होतं. दामोदर खोऱ्याची आखणी तिथूनच झाली. सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकार आलं. मजूर खातं जगजीवनरामांना, आणि बांधकाम, खाणी, वीज वेगळं काढून शरदचंद्र बोसांना. पाटी तीच राहिली, दुकानातला अर्धा माल उचलला गेला. पेपरात हे 'खात्यांचे वाटप' या दोन शब्दांत बसतं.

एक शंका येईल, यावी. मग गृहखातं आपल्या माणसाला मिळालं की झालं का? मिळालं की. बुटासिंग १९८६ ते ८९ गृहमंत्री होते. आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २०१२ ते १४ होते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा बुटासिंगांच्याच काळात संसदेनं केला, हे नाकारायचं कारण नाही. पण तो कायदा चालतो गावच्या ठाण्यात, पोलीस हा राज्याचा विषय, आणि फौजदार कलम लावायचं की नाही हे कुणाच्या फोनवरून ठरवतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. तेव्हा मी 'आपला माणूस नको' असं म्हणत नाही. तसं सांगणारे विद्वान खूप आहेत, त्यांची माणसं आत बसलेली असतात म्हणून त्यांना ते परवडतं. मी म्हणतो, नाव सापडल्यावर वाचणं थांबवू नका. कोणत्या समितीत आहे? खात्याला पैसा किती? नेमणुकांवर सही कुणाची? राज्यमंत्री असेल तर फाईल त्याच्याकडं येते तरी का?

आज सामाजिक न्याय खातं जवळजवळ आपल्यासाठीच राखून ठेवल्यासारखं झालंय. २०१६ पासून आपल्या जुन्या पँथरमधले रामदास आठवले तिथं राज्यमंत्री आहेत. सरकारं आली, शपथविधी झाले, खातं तेच, पद तेच. त्यांच्यावर टीका करणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात. पण दर शपथविधीच्या आधी त्यांचं नाव यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघणारे आपणच. टीका करणारेही तेच बघतात, मी पण बघतो.

१९७९ मध्ये तर या वाङ्मयानं कळस गाठला. मोरारजी गेले, चरणसिंग आले, त्यांच्या शेजारी उपपंतप्रधान आपले यशवंतराव. लोकसभेला तोंड न दाखवताच २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला. आता जनता पक्षाचे नेते जगजीवनराम, त्यांनाच बोलावणार, असं पुन्हा सगळीकडं 'समजत' होतं. संभाव्य मंत्रिमंडळं पुन्हा रंगली. २२ ऑगस्टला राष्ट्रपती संजीव रेड्डींनी लोकसभाच बरखास्त केली. या खेपेला मी बापाला काही कळवलं नव्हतं. वर्षभरापूर्वी, नामांतराचा ठराव झाल्यावर, मराठवाडा पेटला तेव्हा आमच्या वस्तीची राख झाली होती. म्हाताऱ्याला पेपरातलं काही ऐकायचंच नव्हतं.

ज्यानं प्रश्न विचारला त्या पोराला मी पुढच्या रविवारी लवकर बोलावलंय. १९५१ चं निवेदन आधी मोठ्यानं वाचायचं, मग त्याच्याकडची आजची यादी. बाकीच्यांनीही यावं. एक अट : यादी आणाल तिच्यातली सगळी विशेषणं पेन्सिलीनं खोडून आणा, आणि गृह, अर्थ, कार्मिक या तीन खात्यांसमोर कुणाचं नाव आहे ते लाल शाईनं लिहून आणा. चहा आमच्याकडं.

जयभीम.